ते मात्र

दुपारचं जेवण झालं की मी दिवाणावर आडवी होते. झोपायचं नसतं, फक्त पाठ टेकायची असते. आज पोटावर कागद आहेत आणि बोटांत पेन आहे, टोपण न लावलेलं. डोळे मिटल्यावर आधी पंखा दिसेनासा होतो, त्याचा आवाज राहतो. मग आवाजही पंख्याचा राहत नाही, नुसती एक लय राहते. जागेपण आणि झोप यांच्यामधल्या या अवस्थेला शास्त्रात नाव आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी ते कितीदा तरी फळ्यावर लिहिलं आहे. आत्ता आठवत नाही, आणि आठवत नाही याचं काही वाटतही नाही. म्हणजे मी रेषेवर आले.

पोटावरचे कागद प्रभावती उकिडवे यांच्या शेवटच्या गोष्टीचे आहेत. उकिडवेबाई गेल्या वर्षी गेल्या. मिरजेच्या नगरपालिका शाळेत त्यांनी पहिली-दुसरीला शिकवलं आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळाच वेळ, मुलांसाठी पुस्तकं लिहिली. त्यांच्या पालेकरबाई म्हणजे वर्गातल्या भारताच्या नकाशामागे राहणारी एक पाल. सगळी मुलं तिला अहो-जाहो करतात. पुस्तकामागून पुस्तक या पालीचंच. शेवटचं मात्र अर्ध्या वाक्यात थांबलेलं आहे.

सकाळी प्रकाशक सरवटे यांचा फोन आला होता.

"मॅडम, उद्या फाइल प्रेसला जाते. शेवट आला तर उत्तम, नाहीतर खाली 'अपूर्ण' असं छापतो. वाचक समजून घेतील."

"मुलं वाचणार आहेत. मुलं समजून घेत नाहीत."

"मग तुम्हीच लिहा ना. बाईंचं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी लिहिलंय. हाच प्रश्न आहे. गोष्टीत एक मांजराचं पिल्लू वर्गाच्या दाराशी येऊन बसतं. पालेकरबाई पतंगामागे खाली उतरलेल्या असतात. पिल्लू झडप घालतं आणि त्यांच्या शेपटावर पंजा पडतो. बाईंच्या हातचे शेवटचे शब्द असे आहेत: 'शेपूट तुटून फरशीवर वळवळत राहिलं. पालेकरबाई सरसर नकाशामागे गेल्या. ते मात्र'. इथे पान कोरं. त्यापुढे मी माझ्या अक्षरात एक अख्खं पान लिहिलं. त्यातला एकही तपशील चुकीचा नाही, सगळे ताडून पाहिलेत. तरीही ते पान मेलेलं आहे, हे मला कळतं. का, ते कळत नाही.

पंख्याची लय आता कुणीतरी भात कालवतंय अशी येते.

"वाच," बाई म्हणतात.

मी मिरजेच्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभी आहे. पायाखाली शहाबादी फरशी, गार. बाई पाटावर बसल्यात. समोर ताट, ताटात मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट. चष्म्याची दोरी मानेमागे लोंबते. बोटं पिवळी झालीत.

"तुम्ही का जेवताय?" मी विचारते. "जेवायचं मी. वाचायचं तुम्ही."

"या वेळी लिहिलंय कुणी?"

"मी."

"मग वाचायचं कुणी?"

ही आमची जुनी व्यवस्था आहे, फक्त उलटी झालेली. माझी आई दवाखान्यात नर्स होती, तिची दुपारची पाळी असायची. शाळा सुटली की मी शेजारी बाईंकडे जेवायची. मी जेवत असताना बाई नवीन पान मोठ्याने वाचायच्या. माझा घास तोंडापाशी थांबला, तर त्या काहीच करायच्या नाहीत, पुढे वाचायच्या. मी पाणी मागितलं, तर आधी मला पाणी द्यायच्या आणि मग त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलने 'पा' लिहायच्या. रात्री ती ओळ कापली जायची. मोठी झाल्यावर मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलाला तहान लागलेली नसते गं. कंटाळा येतो. तो सांगायला शब्द नसतो, म्हणून पाणी मागतं."

त्यांच्या तेव्हापासूनच्या सगळ्या पुस्तकांतून माझी तहान अशी काढून टाकलेली आहे.

"बाई," मी म्हणते, "तुम्ही गेलात ना?"

"गेले की. तू होतीस ना उशाशी. भात निवतोय, वाच."

मी कागद डोळ्यांसमोर धरते. "'ते मात्र वळवळतच राहिलं. पालीचं शेपूट तुटलं तरी त्यातले स्नायू काही वेळ आकुंचन पावत राहतात, त्यामुळे शत्रूचं लक्ष...'"

"पाणी," बाई म्हणतात.

"एवढ्यात?"

"मेतकूट कोरडं असतं."

त्या खोटं बोलतायत हे मला कळतं, कारण भातावर तूप भरपूर आहे. मी कोपऱ्यातल्या माठाकडे जाते, ओगराळ्याने फुलपात्र भरते, वळते. फरशीच्या जागी लाकडी जमीन आहे, खिळ्यांना झिजून चकाकी आलेली. शाईचा आणि खळीचा वास येतो. टेबलामागे पानाने ओठ रंगलेले एक गृहस्थ बसलेत. हे कोपर्डेकर, बाईंचे पहिले प्रकाशक. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. हा प्रसंग माझ्या जन्माआधीचा आहे आणि मी तो फक्त ऐकला आहे. तरीही फुलपात्र धरून मी तिथे उभी आहे, आणि बाई समोरच्या खुर्चीत मांडीवर ताट घेऊन जेवतायत. त्या तरुण आहेत. चष्म्याला अजून दोरी नाही.

"गोष्ट फक्कड आहे उकिडवेबाई," कोपर्डेकर म्हणतात. "एकच करा. पालीच्या जागी ससा घाला."

"का?"

"का म्हणजे? पाल म्हटलं की बायका खुर्चीवर चढतात. असलं पुस्तक कोणती आई घेईल?"

"आई नाहीच घेणार. मूल हट्ट करेल, मग बाप घेईल."

"ससा गोंडस असतो हो."

"मिरजेत ससा कुणी पाहिलाय?" बाई घास गिळून म्हणतात. "पाल घरोघरी आहे. भाडं न देता."

कोपर्डेकर हसतात आणि हसताना पान सांभाळतात. त्यांनी ते पुस्तक काढलं. सुरुवातीला शाळांनी परत पाठवलं. एका साहेबांनी तर पाल अशुभ असते असं कळवलं. पण मिरजेत, मग सांगलीत, मग कुठे कुठे, मुलं घराच्या भिंतीकडे बघून 'नमस्कार पालेकरबाई' म्हणायला लागली. मीही म्हणायची. इतर मुलींना पालीची किळस येण्याच्या वयाआधीच माझी तिच्याशी रीतसर ओळख करून दिलेली होती. पुढे मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलं, त्याचं कारण लोक विचारतात. कारण एवढंच आहे.

मी बाईंच्या हातात फुलपात्र देते. त्या एक घोट घेतात आणि परत देतात.

"पुढे."

"'काही आठवड्यांनी तिथे नवीन शेपूट येतं. मात्र ते पहिल्यासारखं नसतं. त्याच्या आत हाडांचे मणके नसून...'"

"पाणी."

"बाई, वाक्य तरी पुरं होऊ दे."

"ते होऊ नये म्हणूनच मागितलं."

तांब्या मंचावर आहे, माईकशेजारी, जाळीच्या रुमालाने झाकलेला. मी तीन पायऱ्या चढते. समोर सभागृह भरलेलं आहे. सगळे प्रौढ आहेत, एकही मूल नाही. बाईंच्या खांद्यावर शाल आहे, मांडीवर नारळ, आणि नारळ घसरू नये म्हणून एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्या जेवतायत. रेशमी झब्ब्यातले एक पाहुणे माईककडे झुकतात.

"उकिडवेबाईंनी बालसाहित्याची एवढी सेवा केली. आता आमची त्यांना प्रेमाची विनंती आहे, मोठ्यांसाठीही काही लिहावं."

टाळ्या वाजतात. बाई माईक स्वतःकडे ओढतात. माईकला मेतकूट लागतं.

"मोठ्यांना काहीही चालतं हो," त्या म्हणतात. "नाही आवडलं तरी पुस्तक कपाटात नीट उभं ठेवतात, आलेल्यांना दाखवतात. मुलाला नाही आवडलं तर ते फरशीवर टाकून खेळायला जातं. मला फरशीची भीती आहे. अशी भीती बरी असते."

सभागृह हसतं, पण थोडं उशिरा. पुढच्या रांगेत मी बसलेली आहे, पंचवीस-तिशीतली, केसात फूल न माळलेली. ती मी मंचावरच्या माझ्याकडे बघत नाही. ती फक्त बाईंकडे बघते.

तांब्या रिकामा आहे.

"नळाला बघ," बाई म्हणतात.

नळ प्रयोगशाळेत आहे, काळ्या दगडी ओट्याला. फॉर्मॅलिनचा वास नाकातून कपाळात चढतो. ओट्यावर काचेचं तावदान उभं केलंय आणि तावदानाच्या पलीकडच्या बाजूला पालेकरबाई चिकटून बसल्यात, पोट आमच्याकडे करून. खऱ्याखुऱ्या. शाळेतल्या नकाशामागून मी त्यांना अलगद डब्यात घालून आणलं होतं आणि त्याच संध्याकाळी परत नेऊन सोडलं होतं. त्या वेळी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, नुकतंच शिकलेलं सगळं जगाला सांगायची घाई असण्याचं वय.

बाई चष्मा कपाळावर करून तावदानाला नाक लावतात. "काय दाखवायचंय?"

"मांडीच्या आतल्या बाजूला बघा. ठिपक्यांची रांग."

"दिसली."

"ती फक्त नरांना असते. बाई, पालेकरबाई नर आहेत."

त्या बराच वेळ बघत राहतात. घास हातातच आहे.

"मग काय करू?" त्या विचारतात. "पालेकर गुरुजी म्हणू?"

"शास्त्राप्रमाणे तो..."

"मराठीत पाल 'ती' असते, माणिक. नर असो, मादी असो, भिंतीवर चढली की ती. कासव 'ते' असतं, त्याच्या मांडीला काहीही असो. तुझ्या ठिपक्यांवरून मी आता मुलांना काय सांगू? पालेकरबाई कुठे गेल्या म्हणून रडतील ती."

"पण खरं काय ते..."

"खरं तुला माहीत आहे ना? मग झालं. एकाला तरी माहीत असलं म्हणजे खोटं झालं नाही."

मी त्यावर हसले होते, त्या वेळी आणि आत्ताही हसते. त्यानंतरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर एक ओळ आली, ती अजून तिथे आहे: 'पालेकरबाई खरं म्हणजे कोण आहेत हे फक्त माणिकला माहीत आहे, आणि ते सांगत नाही.' पुष्कळ मुलांनी बाईंना विचारलं की सांगत नाही ते माणिक कोण, एखादं जादूचं रत्न का. बाईंनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मी लहान असताना त्या माझ्याविषयी अशाच बोलायच्या. माणिक आलं का, माणिक जेवलं का, कुठे गेलं ते. मी घरातली मुलगी असले तरी बाईंच्या तोंडी मी 'ते' होते, जसं कुणाचंही लाडकं लहान मूल असतं.

नळाला पाणी येत नाही. हवा फुसफुसते आणि थांबते.

"पाणी नाहीये, बाई."

"मग आता मी मागूच शकत नाही. वाच."

मी कागद उचलते. आम्ही वर्गात आहोत. बसकर पट्ट्या भिंतीपर्यंत अंथरलेल्या, मुलं नाहीत. भिंतीवर भारताचा नकाशा, त्याची खालची काठी एका बाजूने सुटलेली. दारातून तिरपं ऊन आत येतं आणि उन्हाच्या कडेला एक मांजराचं पिल्लू बसलंय, राखाडी, एक कान दुमडलेला. बाई शिक्षकाच्या खुर्चीत नाहीत, पट्टीवर बसल्यात, ताट मांडीवर. आता त्या माझ्या शेवटच्या ओळखीच्या वयाच्या आहेत.

मी उरलेलं वाचते. हाडाऐवजी मऊ कूर्चा कशी तयार होते, रंग कसा वेगळा येतो, दुसऱ्या शेपटावरची खवलं कशी बारीक असतात. आवाज स्वच्छ आहे. एकही अडखळण नाही. वाचून होतं. बाई काहीच मागत नाहीत, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. त्या दाराकडे बघतायत.

"चूक कुठे आहे?" मी विचारते.

"चूक नाही. शेपटाविषयी तू लिहिलंस ते सगळं बरोबर असणार. शेपूट परत येतं ना गं?"

"येतं. पण आत हाड नसतं."

"ते पुढच्या पुस्तकात घेऊ."

"पुढचं पुस्तक नाहीये, बाई."

"ते तुझं तू बघ." त्या ताटातला भात कडेने गोळा करतात. "मला एक सांग. 'ते मात्र' असं मी लिहिलं. ते म्हणजे कोण?"

"शेपूट," मी म्हणते. "नपुंसकलिंगी शब्द. आधीच्याच्या आधीच्या वाक्यात आहे. सर्वनाम जवळच्या नामाला लागतं."

बाई डोकं मागे टाकून हसतात. हसताना त्यांचा वरचा एक दात नाही हे दिसतं, तो नव्हताच.

"शेपूट! अगं, शेपटावर मी 'मात्र' कशाला खर्च करीन? ते वळवळलं, संपलं. तेवढंच त्याचं काम."

"मग ते कोण?"

"पानभर आधी मी दाराशी कुणाला बसवलंय?"

मी दाराकडे बघते. पिल्लू उन्हातून सावलीत आलंय. त्याच्या पुढच्या पंजांमध्ये फरशीवर काहीतरी बारीक हलतंय, कमी कमी होत. पिल्लू पंजा उचलतं, ठेवतं, उचलतं. त्याला कळत नाहीये.

"पिल्लू," मी म्हणते. पिल्लूही ते. व्याकरणात काहीच अडत नव्हतं. मला दिसलं नव्हतं एवढंच. मला शेपूट दिसलं, कारण शेपटाविषयी मला माहिती होती.

"पण ते शिकारी आहे," मी म्हणते. "मुलं पालेकरबाईंच्या बाजूने असणार. त्या वाचल्या की नाही, शेपूट आलं की नाही, हेच विचारतील."

"पालेकरबाई सुटल्या. नकाशामागे गेल्या. सुटलेल्याकडे मूल दुसऱ्यांदा बघत नाही." बाई शेवटचा घास घेतात आणि चावत बोलतात, जे त्या मला कधी करू द्यायच्या नाहीत. "मूल बघतं की उरलंय कोण. पिल्लू मगाशी ज्याच्याशी खेळत होतं ते गेलं, हातात राहिलं ते हलायचं थांबलं. आता ते काय करणार? घरी जाणार? बसून राहणार? तिथे मुलाचा घास थांबतो. तिथे लिही."

"मला ते लिहिता येईल का?"

"तुला नाही येणार तर कुणाला? गेलेल्याचं मी बघते. तू उरलेल्याचं लिही."

नकाशामागे चुक, चुक, चुक होतं.

बाई लगेच बोटाच्या पेराने ताटाच्या काठावर टकटक करतात, पाल चुकचुकली की करतात तसं. "खरं आहे," त्या म्हणतात. "बघ, साक्ष पण झाली."

"नर आवाज करतो," मी म्हणते. "बहुतेक वेळा."

"माहितीये. सांगू नकोस कुणाला."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठतात. ताट मला देत नाहीत, स्वतःच उचलतात. माझ्याजवळ येतात आणि कागदावर वाकतात, चष्मा न लावता, आणि जेवणाच्या हाताचं बोट माझ्या पानावर ठेवतात.

"इथून," त्या म्हणतात. "याच्या पुढचं सगळं काढ. हा शब्द राहू दे, माझा आहे."

"हात धुतला नाहीत, बाई."

"पाणी कुठाय?"

दारात कुणीतरी उभं आहे. पांढरी साडी, हातात दवाखान्यातल्या रबरी नळ्या घडी करून घेतलेल्या, पाळी संपवून आलेली. माझी आई. ती उंबऱ्याच्या आत येत नाही. तिला पुढे स्वयंपाक करायचाय आणि ती नेहमी घाईत असते.

"बाई, माणिक जेवलं का?" ती विचारते.

"जेवलं," बाई म्हणतात. मी तिथे नाही अशा थाटात, लहान मुलांविषयी बोलतात तसं. "बोलत नाही फारसं. पण आज पाणी नाही मागितलं."

त्या नकाशाकडे जातात. खालची सुटलेली काठी नीट करायला हात वर करतात. नकाशा हलतो, काठी भिंतीवर आपटते, टक, टक, आणि ती टकटक माझ्या बोटाची आहे, दिवाणाच्या लाकडी कडेवर.

पंखा चालू आहे. पडद्याची सावली जमिनीवर सरकलीय. पेन उशाशी पडलंय, उशीला शाईचा गोल झालाय. तिपाईवर झाकलेलं फुलपात्र भरलेलं आहे, जसं जेवणानंतर मी ठेवलं होतं तसं. मी उठून बसते आणि पोटावरून घसरलेली पानं जमिनीवरून गोळा करते.

माझ्या हस्ताक्षरातलं पान वर येतं. सुरुवातीला बाईंचे शेवटचे शब्द मी उतरवून घेतलेत. 'ते मात्र'च्या शेजारी, समासात, पिवळा डाग आहे. बोटाच्या पेराएवढा, एका बाजूला थोडा ओढलेला. मधोमध रेषा दिसतायत, त्वचेच्या, वळणं असलेल्या.

आज दुपारी मी दहीभात खाल्ला. त्यात हळद नव्हती. मेतकूट या घरात कित्येक दिवसांत आलेलं नाही. या गोष्टी मी एकेक करून मनात मांडते, कारण मला तशीच सवय आहे. झोपेत मी स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याच्या डब्यात बोट घातलं असेल, ही एक शक्यता. मी हात बघते. बोटांवर निळी शाई आहे, पिवळं कुठेच नाही. मी पान नाकाशी नेते. हिंग. त्यामागे भाजलेल्या डाळीचा वास.

मी मोरीत जाते, कपड्याच्या साबणाच्या वडीवर ओलं बोट फिरवते आणि ते डागाच्या एका कडेला अलगद टेकवते. पिवळा रंग बोटाखाली लाल होतो. हळदीवर अल्कली पडला की असंच होतं, हळदीचं कुंकू होतं ते याच कारणाने. दरवर्षी पहिल्या तासाला मी हा प्रयोग मुलींना दाखवायची आणि दरवर्षी त्या टाळ्या वाजवायच्या. आता मी एकटीच मोरीच्या दारात उभी आहे आणि टाळ्या वाजवत नाही. पण हळद आहे. एवढं मला खात्रीने सांगता येतं. बाकीचं सांगायची जबाबदारी माझ्यावर नाही.

टेबलाशी बसून मी माझ्या पानावर तिरकी रेघ मारते, वरपासून खालपर्यंत. कूर्चा, खवलं, रंग, सगळं जातं. माहिती म्हणून ते कुठेतरी कामाला येईल. सरवट्यांना मी फोन करून सांगते की 'अपूर्ण' छापायचं नाही, संध्याकाळपर्यंत शेवट देते.

"शेपटाचंच ना? तुम्ही म्हणाला होतात."

"नाही," मी म्हणते. "माझी समजण्यात चूक झाली होती. ते शेपूट नाही."

"मग?"

"वाचाल तेव्हा कळेल. तुमच्या नातीला जेवताना वाचून दाखवा. आणि तिने पाणी मागितलं तर कुठे मागितलं तेवढं मला सांगा."

मग मी लिहिते. फार वेळ लागत नाही. इतकी वर्षं जेवताना हेच ऐकलेलं आहे, आवाज कानात तयार असतो, फक्त त्याच्या मागे जायचं असतं.

'ते मात्र तिथेच बसून राहिलं. एवढंसं पिल्लू, एक कान दुमडलेला. पंजाखालचं शेपूट आता हलत नव्हतं. त्याने पंजाने ढकलून पाहिलं. हललं नाही. त्याने शेपूट हुंगलं, मग फरशी हुंगली, मग भिंत. पालेकरबाई कुठेच नव्हत्या. घंटा झाली. सगळी मुलं घरी गेली. ते गेलं नाही. ऊन दारातून बाहेर गेलं तरी ते नकाशाकडे मान वर करून बसलं होतं. मग नकाशा थोडासा हलला, आणि त्याच्या मागून आवाज आला, चुक, चुक, चुक. पिल्लाने दुमडलेला कानही उभा केला.'

मी ते मोठ्याने वाचते, खोलीत कुणी नसताना, आवाज न घाईचा न मुद्दाम हळू. फुलपात्र तिपाईवर तसंच झाकलेलं आहे. समासातला डाग वाळतोय, एका कडेला लाल, बाकी पिवळा.